झाले गेले गंगेला मिळाले?

‘झाले गेले गंगेला मिळाले’ हे वाक्य मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकले आहे, की त्याच्या अर्थाची चौकशी करावी असे कधी वाटलेच नाही. दोन जावांचे बिनसले, चार दिवस अबोला झाला, की घरातले कोणीतरी वडील माणूस हे वाक्य उच्चारी आणि त्याच्या पाठोपाठ चहाचे आधण चढे. पुढे शाळेत तीस वर्षे मराठी शिकवताना मी हाच वाक्प्रचार फळ्यावर लिहिला आणि त्यापुढे अर्थ लिहिला : मागचे विसरून जाणे. मुलांनी तो वहीत उतरवला, परीक्षेत लिहिला आणि त्याचे गुण घेतले. पण मागचे विसरावे कोणी, आणि ‘विसर’ असे सांगण्याचा अधिकार कोणाचा, हे ना कोणा मुलाने विचारले, ना कोणा परीक्षकाने. हा प्रश्न मला पडला तो साठी उलटल्यावर, आणि तोही गंगेपासून हजारो मैल दूर, उत्तर युरोपातल्या शहरांतून यांच्याबरोबर रमतगमत हिंडत असताना.

आमच्या या हिंडण्याची नातेवाइकांनी पुष्कळ थट्टा केली. चोवीस दिवस आणि शहरे अवघी चार : स्टॉकहोम, कोपनहेगन, हॅम्बुर्ग आणि ल्यूबेक. माझी नणंद म्हणाली, “वहिनी, तेवढ्या दिवसांत लोक बारा देश करतात!” पण आम्हाला देश ‘करायचे’ नव्हते. हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. जन्मभर घड्याळाकडे पाहून जेवलेले. माझे आयुष्य तासाच्या घंटेवर गेले. तेव्हा दोघांनी ठरवले, की या खेपेस घाई करायची नाही. दिवसाला एकच ठिकाण पाहायचे, मग एखादा बाक गाठायचा, थर्मासमधला चहा आणि पिशवीतला चिवडा काढायचा, आणि जे पाहिले त्यावर बोलायचे. २०२५ च्या मे महिन्याची अखेर होती. त्या मुलखात त्या दिवसांत रात्री दहा वाजेपर्यंत उजेड रेंगाळतो. बोलायला वेळच वेळ असतो.

आणि बोलायला विषयही मी घरूनच घेऊन निघाले होते. निघण्याच्या आधी आठवडाभर माझ्या थोरल्या भावाचा फोन आला होता. बारा वर्षांनी. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर दादा म्हणाला, “या दिवाळीला भाऊबीजेला ये. झालं गेलं गंगेला मिळालं.” मी म्हटले, “बघते.” त्यापलीकडे मला काही सुचले नाही.

झाले गेले ते काय, हे थोडक्यात सांगते, कारण अशा गोष्टी घरोघर असतात. वाईला कृष्णेच्या काठी आमचे घर होते. आईवडील गेल्यावर मी रीतीप्रमाणे हक्कसोडपत्रावर सही करून दिली. पुष्कळ बहिणी देतात. घर राहील, उन्हाळ्यात सगळ्यांची मुले तेथे जमतील, असे बोलणे झाले होते. भावाबहिणीच्या बोलण्याला स्टँपपेपर लागत नाही. २०१३ साली दादाने ते घर विकले. मला कळले ते व्यवहार होऊन महिना लोटल्यावर, आणि तेही वाईच्या एका शेजारणीकडून. माझ्या आईची समई, तिचे पितळी डबे, बंब, घंगाळ, सारे मोडीत गेले होते. कायद्याने त्याने काही वावगे केले नव्हते. पैशाची मला आशा नव्हती. पण त्या वर्षापासून भाऊबीजेचे ताट मी उचलू शकले नाही.

यांचे मत सरळ होते. “जा की. बारा वर्षं म्हणजे एक तप झालं. ऋषीसुद्धा तपानंतर प्रसन्न होतात.” मी म्हटले, “ऋषी तप करतात तेव्हा देव प्रसन्न होतो. इथे तप मी केलं, आणि प्रसन्नही मीच व्हायचं?” हे हसले, पण प्रश्न काही सुटला नाही. तो आमच्याबरोबर विमानात बसला.

स्टॉकहोममध्ये आम्ही ‘वासा’ नावाचे जहाज पाहायला गेलो. स्वीडनचा राजा दुसरा गुस्ताव आडोल्फ याने आपल्या आरमाराचे भूषण म्हणून ते बांधवले. चौसष्ट ब्राँझच्या तोफा, शेकडो कोरीव मूर्ती, सोनेरी आणि रंगीत नक्षी. १० ऑगस्ट १६२८ रोजी साऱ्या शहरासमक्ष ते निघाले, जेमतेम तेराशे मीटर गेले, वाऱ्याच्या झोताने कलंडले, तोफांच्या उघड्या खिडक्यांतून पाणी आत शिरले, आणि बंदरातच बुडाले. सुमारे तीस माणसे गेली. यांनी मला त्याचे कारण बाकावर बसून समजावले. थर्मासचे झाकण उलटे धरून त्यात पाणी ओतून दाखवले. वरचा भाग जड, तळाशी वजन अपुरे. उभट तांब्या अरुंद बुडावर उभा करावा तसे. गंमत म्हणजे हे आधीच कळले होते. धक्क्यावर असताना तीस माणसांना डेकवर या बाजूकडून त्या बाजूकडे धावायला लावून परीक्षा घेतली, तेव्हा जहाज असे डोलू लागले की परीक्षा अर्ध्यावर थांबवावी लागली. पण राजा लढाईवर होता, घाई करीत होता, आणि ‘हे जहाज निघण्याजोगे नाही’ असे कळवण्याची छाती कोणाची झाली नाही. पुढे चौकशी झाली. मुख्य सुतार तर आदल्याच वर्षी वारला होता. दोष कोणाचा ते अखेर देवालाच ठाऊक, अशा थाटात प्रकरण मिटले आणि कोणालाही शिक्षा झाली नाही. म्हणजे स्वीडनच्या भाषेतही झाले गेले गंगेला मिळाले!

पण मिळाले का? बाल्टिकच्या त्या निमखाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारा किडा जगत नाही. त्यामुळे वासा तळाशी जसेच्या तसे राहिले. १९५६ साली अँडर्स फ्रान्सेन या शोधकाने ते हुडकले, आणि २४ एप्रिल १९६१ रोजी, बुडाल्यानंतर तीनशे तेहेतीस वर्षांनी, ते पाण्याबाहेर आले. लाकूड सुकून तडकू नये म्हणून सतरा वर्षे त्यावर औषधी द्रावणाचा फवारा मारीत होते. आज ते एका मोठ्या, अंधाऱ्या, थंडगार संग्रहालयात उभे आहे. जवळच त्या दिवशी बुडालेल्या माणसांचे सांगाडेही ठेवले आहेत. जगभरचे लोक रांग लावून पाहतात ते काय, तर एका राज्याची फजिती!

मला त्या अंधारात उभे असताना प्रथम वाटले, की पाण्यात टाकलेली गोष्ट नाहीशी होते ही आपली समजूतच मुळी बरोबर नाही. पाणी झाकते, नाहीसे करीत नाही. कोणत्या पाण्यात काय टिकेल हे आपल्याला आधी ठाऊकही नसते. मी बारा वर्षांत ज्या गोष्टीचा शब्द काढला नव्हता, ती दादाच्या एका फोनने जशीच्या तशी वर आली होती. तिला किडासुद्धा लागला नव्हता.

यांना मात्र निराळेच सुचले. हे म्हणाले, “सगळी बुडालेली जहाजं बाहेर काढली तर माणसांनी राहायचं कुठे?” या वाक्याला उत्तर द्यायला मला कोपनहेगनपर्यंत वेळ लागला, आणि तेथे गेल्यावर पाहते तो, शहर यांच्याच बाजूचे!

स्टॉकहोमहून कोपनहेगनला आगगाडीने पाच-साडेपाच तास लागतात. शेवटी गाडी समुद्रावरच्या लांब पुलावर चढते आणि दोन्हीकडे पाणी दिसू लागते. कोपनहेगनच्या मध्यावर राजा चौथा क्रिस्तियान याने बांधवलेली व्यापाराची जुनी पेढी आहे. तिला ब्योर्सन म्हणतात. याच राजाच्या काळात, १६२० साली, डेन्मार्कने आपल्या तमिळनाडूत तरंगंबाडीला ठाणे वसवले. तेव्हा त्या पेढीच्या विटांना आपल्याकडच्या मालाचाही थोडाफार वास लागला असावा. तिच्या छपरावर चार ड्रॅगनांच्या शेपट्या वेणीसारख्या गुंफून केलेला मनोरा होता. इमारतीच्या चारशे वर्षांच्या उत्सवासाठी डागडुजी चालू असताना १६ एप्रिल २०२४ रोजी आग लागली आणि तो मनोरा जळून रस्त्यावर कोसळला. त्या वेळी अग्निशमनाच्या जवानांबरोबर तेथले कारकून आणि रस्त्याने जाणारे लोकही आत धावले आणि भिंतींवरची चित्रे उचलून बाहेर आणू लागले. आम्ही गेलो तेव्हा सगळीकडे परांच्या होत्या. इमारत होती तशी पुन्हा उभारायची, जुन्या रीतीने, असे त्यांनी ठरवले आहे.

त्या शहराला याची सवय आहे. १८०७ साली इंग्रजांच्या आरमाराने कोपनहेगनवर तोफा डागल्या, त्यात त्यांचे मुख्य देवालय जळाले. ते त्यांनी पुन्हा बांधले, पण निराळे. पूर्वीचा उंच टोकदार मनोरा नाही, पुढे ग्रीक देवळासारखे खांब. आत शिरलेल्या माणसाला तेथे काही जळाले होते याची शंकाही येऊ नये.

“बघ,” हे म्हणाले, “शहरांना संसार असतो. भांडी फुटली तर नवी आणायची. तुकडे मांडून बसलं तर स्वयंपाक कधी करायचा?” आणि यांचे म्हणणे मला टाकाऊ वाटले नाही. दुःख उगाळत बसण्यात एक प्रकारची चैनही असते. आपल्यावर अन्याय झाला, ही जाणीव माणसाला मोठी करते; निदान स्वतःच्या डोळ्यांत. आमच्या नात्यात एक आत्याबाई होत्या. लग्नात मानाचे पातळ हलके दिले, ही तक्रार त्यांनी बावन्न वर्षे टिकवली. ते पातळ कधीच विरले होते. तक्रार कोरी करकरीत होती. आत्याबाई गेल्या तेव्हा ज्यांनी ते पातळ दिले त्यांच्यापैकी कोणीही जिवंत नव्हते. मी आत्याबाई होत नाही ना, असे मी त्या संध्याकाळी कालव्याच्या काठी बसून स्वतःला विचारले. होडीतून तरुण मुले गाणी म्हणत चालली होती. यांनी चिवड्यातले खोबऱ्याचे काप वेचून माझ्या हातावर ठेवले. मला ते आवडतात हे यांना चाळीस वर्षे ठाऊक आहे. सुखी माणसाने रागावू नये असे क्षण असतात. पण सुखाने प्रश्न सुटत नाहीत, एवढेच.

कोपनहेगनहून गाडी आम्हाला हॅम्बुर्गला घेऊन गेली. तेथे सेंट निकोलायच्या देवालयाचा मनोरा पाहिला आणि मी दचकलेच. एकशे सत्तेचाळीस मीटर उंच, काळवंडलेला, टोकदार. आणि त्याच्यामागे देवालयच नाही! नुसते आकाश आणि थोड्या मोडक्या भिंती. हा मनोरा बांधून झाला १८७४ साली. दोन वर्षे तो जगातली सर्वांत उंच इमारत होता. त्याचा आराखडा काढणारे इंग्रज वास्तुशिल्पी सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनीच मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरचाही आराखडा काढला, तोसुद्धा मुंबईला एकदाही न येता. मुंबईत शिकत असताना मी त्या टॉवरच्या घड्याळाकडे पाहून परीक्षेला धावले आहे. एकाच माणसाच्या दोन कल्पना : एक अजून वेळ सांगते आहे, आणि दुसरीची वेळ थांबली आहे.

१९४३ च्या जुलैअखेरीस इंग्रज आणि अमेरिकन विमानांनी हॅम्बुर्गवर अनेक दिवसरात्र बाँब टाकले. आगीचे वादळ उठले. तीस हजारांहून अधिक माणसे मेली. हा उंच मनोरा वैमानिकांना खुणेसाठी उपयोगी पडला. आणि मौज अशी की देवालय मोडले, मनोरा राहिला. युद्धानंतर शहराने बाकीचे सारे नव्याने उभारले, पण हे एक मोडके ठेवले. आता काचेच्या पाळण्यातून वर जाता येते.

वर जाऊन आलो, आणि मग तळघरातले छोटे संग्रहालय पाहिले. येथे माझे मन खरे गुंतले. मला वाटले होते, आत हॅम्बुर्गचे हाल मांडलेले असतील. ते आहेतच. पण त्यांच्याबरोबर कॉव्हेन्ट्री आणि वॉर्सा या शहरांचीही हकीकत आहे; ही शहरे जर्मनांनी उद्ध्वस्त केलेली. आपल्या घरातल्या राखेशेजारी, आपण दुसऱ्याच्या घरात केलेली राख मांडून ठेवायची, हे सोपे नाही. आमच्या शहरावर हे का आले, हा प्रश्न तेथे गाळलेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका साध्या वस्तीतून चाललो असताना पदपथावर एक बाई गुडघे टेकून काहीतरी घासताना दिसल्या. जवळ गेलो. फरशीत बसवलेले तीन लहान चौकोन होते, दहा-दहा सेंटिमीटरचे, वर पितळेचा पत्रा, पत्र्यावर अक्षरे. यांना तिकडे ‘श्टॉल्परश्टाइन’ म्हणतात, म्हणजे ठेच लागण्याचे दगड. गुंटर डेमनिग या कलावंताने १९९२ पासून हे काम मांडले. नाझी राजवटीने ज्यांना नेऊन मारले किंवा परागंदा केले, त्यांच्या शेवटच्या राहत्या घरासमोर माणशी एक दगड : येथे अमुक राहत होते, जन्म अमुक साली, अमुक दिवशी नेले, पुढे काय झाले. २०२३ पर्यंत युरोपभर असे एक लाख दगड बसले. पितळ उघड्यावर काळे पडते, म्हणून ते घासावे लागते. मी त्या बाईंना विचारले, “ही आपली नात्यातली माणसे का?” त्या म्हणाल्या, “नाही. ती तिसऱ्या मजल्यावर राहत होती. आता तिथे मी राहते.” आणि पुन्हा घासू लागल्या.

ही गोष्ट सगळ्यांनाच पटलेली नाही, हेही सांगितले पाहिजे. म्युनिक शहराने आपल्या सार्वजनिक रस्त्यांवर असे दगड बसवू दिले नाहीत. मेलेल्यांची नावे पायदळी यावीत, हे तेथल्या ज्यू समाजातल्याच काही वडीलधाऱ्यांना सहन होईना. त्यांनी नावे भिंतीवर आणि खांबांवर लावण्याची रीत काढली. कोणाचे बरोबर, हे परक्याने ठरवू नये. पण एक गोष्ट दोघांनाही मान्य आहे : नावे राहिली पाहिजेत.

त्या रात्री मी यांना म्हटले, “आपल्या भाषेत दोन शब्द आहेत, ते मला आज निराळे कळले. दुसऱ्यानं आपलं केलेलं वाईट जपून ठेवणं, याला आपण डूख धरणं म्हणतो. आणि आपण दुसऱ्याचं केलेलं वाईट जपून ठेवणं, याला म्हणतात लाज. नाग डूख धरतो. लाज फक्त माणसाला असते.” हे काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “म्हणजे लाज तुझ्या भावाकडे असायला हवी, आणि डूख तुझ्याकडे नको.” मी म्हटले, “होय. पण ‘गंगेला मिळालं’ असं म्हणणारा माणूस आपली लाजच गंगेत सोडून येतो, आणि मग समोरच्याजवळ डुखाशिवाय काही उरत नाही.”

एवढ्या प्रचंड दुःखाशेजारी माझे वाईचे घर मांडताना मला संकोच वाटतो. लाखो माणसांच्या मरणापुढे एक समई म्हणजे काहीच नव्हे. दोन्हींची तुलना मी करीत नाही. पण मोठ्या अपराधांतून माणसे जे शिकली ते लहान अपराधांनाही लागू पडत असेल, तर ते शिकायला हरकत नसावी. आपल्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला लहान अपराधच येतात.

ल्यूबेक हे आमचे शेवटचे शहर. हॅम्बुर्गहून पाऊण तासाच्या अंतरावर, पाण्याने वेढलेले, लाल विटांचे. तेथले मारीयेनकिर्श, म्हणजे मेरीमातेचे देवालय, विटांच्या उंच कमानींसाठी प्रसिद्ध आहे. २८ मार्च १९४२ च्या रात्री, ईस्टरच्या आधीच्या रविवारच्या पहाटेकडे कलताना, इंग्रजांचे बाँब पडले आणि देवालय पेटले. दक्षिणेकडच्या मनोऱ्यातल्या दोन प्रचंड घंटा जळत्या तुळयांवरून सुटून खाली आल्या आणि फरशी फोडून तेथेच फुटल्या. त्या घंटा कोणी उचलल्या नाहीत. आजही त्या पडल्या तेथेच, पडल्या तशाच आहेत. तडकलेल्या, वाकलेल्या, फुटक्या फरशीत रुतलेल्या. आम्ही बराच वेळ तेथे उभे होतो. बोललो नाही.

त्याच देवालयात दुसरीही एक गोष्ट घडली. आगीच्या उष्णतेने भिंतींवरचा चुना गळून पडला आणि त्याखाली झाकलेली मध्ययुगीन चित्रे दिसू लागली. युद्धानंतर ती नीट करण्याचे काम एका दुरुस्तीतज्ज्ञाला दिले, आणि त्याच्या हाताखाली लोथार माल्सकाट नावाचा चित्रकार होता. १९५१ साली देवालयाच्या सातशे वर्षांचा उत्सव झाला. भिंतींवर जुने संत लखलखीत उभे होते. विद्वानांनी वाखाणले, पोस्टाने तिकिटे काढली. पुढच्याच वर्षी माल्सकाटने स्वतःच जाहीर केले, की गाभाऱ्याकडचे कित्येक संत जुने नाहीतच, ते मीच काढले आहेत! प्रथम कोणी विश्वास ठेवीना. अखेर त्याला स्वतःविरुद्धच फिर्याद करावी लागली. चौकशी झाली, खटला चालला, दोघांनाही कैदेची शिक्षा झाली, आणि ते खोटे संत पुसून टाकण्यात आले.

बाहेर येऊन आम्ही नदीकाठच्या बाकावर बसलो. यांनी चहा ओतला. आणि मला वाटले, आमचे तीन आठवड्यांचे भांडण एकाच देवालयाने मिटवले. आम्ही वाद घालीत होतो तो मोडके जपावे की दुरुस्त करावे, असा. पण खरा भेद तेथे नव्हताच. कोपनहेगनच्या लोकांनी पेढी पुन्हा बांधायला घेतली, त्यात काही खोटे नाही. ती जळली हे ते लपवीत नाहीत. माझी आई गोधडी शिवायची. जुन्या लुगड्यावर नवे ठिगळ लावायची. ठिगळ दिसे, त्याने ऊब कमी झाली नाही. दुरुस्ती वाईट नाही. काही मोडलेच नव्हते असे भासवणारी दुरुस्ती वाईट. तिच्यावर कितीही सुंदर संत काढले, तरी भिंतीला माहीत असते, आणि काढणाऱ्यालाही माहीत असते. माल्सकाटला ते सहन झाले नाही. आपण मात्र पुष्कळ घरांत अशा भिंतींखाली बसून दिवाळीचा फराळ करतो.

तेव्हा मला आपल्या भाषेतला दुसरा एक वाक्प्रचार आठवला. मी तोही मुलांना शिकवला होता : अपराध पोटात घालणे. अर्थ, क्षमा करणे. पाहा, आपल्या पूर्वजांनी क्षमेसाठी गंगा सांगितली नाही; पोट सांगितले. गंगेत सोडलेली वस्तू आपल्यापासून दूर जाते. पोटात घातलेली आपल्याजवळ राहते. ती पचवावी लागते, वेळ लागतो, कधी दुखतेही. पण ती आपली होते, आणि तिचा मग दुसऱ्याला त्रास होत नाही. क्षमा करणारा माणूस काही विसरत नाही. काय झाले ते पुरते जाणून, त्याचे नाव घेऊन, तो ते आत घेतो. म्हणूनच ‘पोटात घाल’ असे अपराध करणाऱ्याने म्हणावे, आणि ‘गंगेला मिळाले’ असे म्हणायचेच झाले तर ते ज्याचे गेले त्याने म्हणावे. या दोन वाक्यांची अदलाबदल झाली, की घरे दुभंगतात.

आणि अपराध करणारा ‘पोटात घाल’ असे म्हणालाच नाही तर? या प्रश्नापाशी मी पुष्कळ दिवस अडले होते. ल्यूबेकच्या घंटा काही बोलत नाहीत, पण त्यांच्याशेजारी त्या देवालयात रोज उपासना चालते, लग्ने लागतात, आणि दुसऱ्या मनोऱ्यातल्या घंटा वाजतात. फुटलेली घंटा वाजत नाही म्हणून कोणी देवालय बंद ठेवले नाही. आणि देवालय चालू आहे म्हणून कोणी फुटलेली घंटा उचलून झाकून ठेवली नाही. दोन्ही एका छपराखाली राहू शकतात. समोरच्याने खरे बोलावे याची वाट पाहता येते, त्याच्यावर सक्ती करता येत नाही. पण आपल्या बाजूचे खरे एकदा नीट सांगून टाकणे तर आपल्या हातात असते. बारा वर्षे मी अबोला धरला होता. अबोला म्हणजे खरे बोलणे नव्हे. अबोल्यात समोरच्याला आपल्या सोयीची गोष्ट रचायला भरपूर जागा मिळते.

पुण्याला परत आल्यावर मी दादाला पत्र लिहिले. फोन केला नाही. फोनवर माणूस मध्येच हवापाण्याचा विषय काढतो. पत्र लहान आहे. घर तू मला न सांगता विकलेस, याचे मला दुःख झाले आणि अजून आहे. आईची समई मोडीत देण्यापूर्वी मला विचारायला हवे होतेस. हे गंगेला मिळालेले नाही, पण मी ते पोटात घातले आहे, आणि यापुढे त्याचा शब्द काढणार नाही. भाऊबीजेला येते. अनारसे करून आणते. तुला जाळीदार लागतात हे लक्षात आहे.

पत्र यांना वाचायला दिले. यांनी चष्मा लावून दोनदा वाचले, आणि आपल्या अभियंत्याच्या भाषेत म्हणाले, “ठीक आहे. वजन तळाशी घातलंस. आता कलंडणार नाही.”

हा लेख लिहीपर्यंत उत्तर आलेले नाही. कदाचित येणार नाही. कदाचित दादा दारातच म्हणेल, “अगं, ते सगळं कशाला लिहिलंस?” आणि वहिनी घाईघाईने चहाचे आधण चढवील. म्हणू दे. त्याने काय बोलावे हे माझ्या हाती नाही. अनारशांचे तांदूळ मी काल भिजत घातले आहेत. तीन दिवस रोज पाणी बदलावे लागते. घरातले पितळ चिंचेने घासायला काढले आहे. त्यात आईची समई नाही, आणि ती असल्याचे सोंग मी करणार नाही. नवी समई आणली आहे, साधी, लहानशी. ती दादाच्या घरी घेऊन जाणार आहे. ओवाळायच्या वेळी ती पाटाशेजारी लावीन, आणि त्याने विचारले, “ही कोणती?” तर सांगेन, “आईची होती, तिच्या जागी.”